पुस्तकांचा शेजार

ग्रंथपाल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पुढ्यात जाडजूड नोंदवही, आणि ‘पुस्तक वेळेवर परत करा, पाने दुमडू नका’ हे पालुपद. शाळांमधून तर हे काम पुष्कळदा ज्या मास्तरांच्या गळ्यात दुसरे काही बांधायचे राहिले असेल त्यांच्या गळ्यात पडते. मग तत्त्वज्ञानात डॉक्टर झालेल्या एका विदुषीने सारा जन्म ह्याच कामात घालवला असे मी सांगितले, तर तुम्ही म्हणाल, “एवढे शिकून शेवटी पुस्तकेच लावत बसल्या होय?”

होय, पुस्तकेच लावत बसल्या. ती त्यांनी कशी लावली, आणि ती मांडणी मोडू नये म्हणून त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी काय काय सोसले, हीच हकीकत आज मला सांगायची आहे. हे ग्रंथालय कलेचे. अशा ठिकाणच्या ग्रंथपालाला पुस्तकांबरोबर चित्रेही सांभाळावी लागतात. मूळ चित्र कुठल्याशा देवळाच्या भिंतीवर असते; त्याचे छायाचित्र मिळवायचे, ते कोणाचे, कोठले, कोणत्या काळचे, त्यात काय दाखवले आहे हे तपासून लिहायचे, आणि मागणाऱ्याच्या हाती क्षणात येईल अशा जागी ठेवायचे. हे काम कोणत्याही एका परीक्षेने येत नाही. ते करता करताच शिकावे लागते.

गोष्ट सुरू होते जर्मनीतल्या हँबुर्ग बंदरात. तेथे वारबुर्ग नावाचे एक मोठे ज्यू सावकारी घराणे होते. त्या घरचा थोरला मुलगा आबी, जन्म १८६६ चा. घरची पेढी वारशाने त्याच्याकडे यायची. पण हा मुलगा पुस्तकवेडा. तेरा वर्षांचा असताना त्याने धाकट्या माक्सशी एक सौदा केला. थोरलेपणाचा हक्क तू घे, पेढी तू सांभाळ; मला मात्र जन्मभर हवी ती पुस्तके घेऊन द्यायची! बारा वर्षांच्या माक्सला वाटले, पुस्तकांना असे कितीसे पैसे लागणार? त्याने होकार दिला. पुढे मोठेपणी तो हसत हसत सांगायचा, की त्या दिवशी मी भावाला कोरी हुंडीच लिहून दिली.

आबी वारबुर्ग ह्यांना कसला शोध घ्यायचा होता? पंधराव्या शतकात इटलीतल्या चित्रकारांनी प्राचीन ग्रीक-रोमन देवदेवता पुन्हा रंगवायला घेतल्या. मधल्या हजार वर्षांत ह्या देवता होत्या कुठे? कोणाच्या घरी राहिल्या, कोणता वेष पालटून परत आल्या? हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न चित्रांचा, म्हणजे उत्तरही चित्रकलेच्या पुस्तकात असायला हवे, असे आपल्याला वाटेल. पण तसे घडले नाही.

इटलीतल्या फेरारा गावी स्किफानोया नावाचा वाडा आहे. त्याच्या एका दालनात १४७० च्या सुमारास भिंतींवर बारा महिन्यांची चित्रे काढली. मार्च महिन्याच्या चित्रात मेष राशीबरोबर एक चमत्कारिक माणूस उभा आहे. काळासावळा, मुद्रा उग्र, अंगावर फाटके पांढरे कपडे आणि कमरेला दोर. हा कोण, हे कुणालाच सांगता येत नव्हते. वारबुर्ग ह्यांनी १९१२ साली रोममधल्या एका परिषदेत त्याचा उलगडा केला. तो ऐकून आपल्यालाही नवल वाटेल. प्रत्येक राशीचे तीन भाग पाडतात, त्यांना आपले ज्योतिषी द्रेष्काण म्हणतात. नवव्या शतकातला अबू माशर हा बगदादचा ज्योतिषी. त्याने आपल्या ग्रंथात हिंदी लोकांच्या मताप्रमाणे ह्या द्रेष्काणांची रूपे दिली आहेत. आणि आपल्या वराहमिहिराने त्याच्याही आधी, सहाव्या शतकात, बृहज्जातकात मेषेच्या पहिल्या द्रेष्काणाचे रूप सांगून ठेवले आहे : कमरेला पांढरे वस्त्र, वर्ण काळा, डोळे लाल, हातात उगारलेला परशू. म्हणजे ग्रीकांचे आकाश हिंदुस्थानात आले, येथला पोशाख ल्याले, अरबांच्या ग्रंथांतून स्पेनकडे गेले आणि तेथून फेरारातल्या भिंतीवर जाऊन उभे राहिले. हातातला परशू वाटेत कुठे तरी गळला, पण काळा रंग आणि कमरेचे वस्त्र राहिले.

आता पाहा, हा उलगडा कशामुळे झाला? चित्रकलेच्या पुस्तकाशेजारी ज्योतिषाचे पुस्तक होते म्हणून. वारबुर्ग ह्यांच्या ग्रंथालयाचा सारा मंत्र ह्यात आला. आपण ग्रंथालयात जातो ते आपल्याला ठाऊक असलेले पुस्तक मागायला. पण आपल्याला खरोखर हवे असते ते पुष्कळदा त्याच्या शेजारी उभे असते, आणि त्याचे नावही आपण ऐकलेले नसते. तेव्हा पुस्तकांना चांगला शेजार मिळवून देणे हे ग्रंथपालाचे पहिले काम, असे वारबुर्ग मानीत. लेखकाच्या आद्याक्षराने किंवा आकाराने पुस्तके लावली तर हा शेजार जुळत नाही. म्हणून ते पुस्तके प्रश्नांप्रमाणे लावीत. नवा विचार सुचला की फळीवरची पुस्तके हलत. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याची त्यामुळे भंबेरी उडे; काल येथे असलेले पुस्तक आज तिसरीकडेच!

१९१३ साली तेवीस वर्षांचा एक तरुण ह्या घरात ग्रंथपाल म्हणून आला. त्याचे नाव फ्रिट्स झाक्स्ल. व्हिएन्नाचा, रेम्ब्राँ ह्या चित्रकारावर प्रबंध लिहून डॉक्टर झालेला. वर्षभराने महायुद्ध पेटले आणि झाक्स्ल इटलीच्या आघाडीवर गेला. युद्ध संपले तेव्हा इकडे वारबुर्ग ह्यांचे मन ढासळले होते. १९१८ च्या अखेरीपासून १९२४ पर्यंत ते मनोरुग्णांच्या इस्पितळांत होते. मालक आजारी, ग्रंथालय एका माणसाच्या मर्जीप्रमाणे रचलेले, आणि ती मर्जी समजावून सांगायला तो माणूस जागेवर नाही. अशा वेळी घराची सूत्रे झाक्स्लच्या हाती आली.

माझ्या मते एका ग्रंथपालाची खरी कसोटी लागली ती येथे. त्याच्यापुढे दोन सोपे मार्ग होते. ग्रंथालयाला कुलूप लावून नुसती राखण करायची, हा एक. किंवा सगळा ‘पसारा’ मोडून चारचौघांसारखी वर्णानुक्रमे मांडणी करायची, हा दुसरा. झाक्स्लने ह्यांतला एकही घेतला नाही. वारबुर्ग ह्यांच्या मांडणीतले तत्त्व शोधून काढून त्याने ते इतरांना वापरता येईल असे पक्के केले. हँबुर्गला १९१९ मध्ये नवे विद्यापीठ निघाले होते. तेथल्या प्राध्यापकांना त्याने ग्रंथालयात बोलावले, व्याख्याने ठेवली, ती छापली. एका श्रीमंत माणसाचे खासगी ग्रंथालय असे सर्वांचे झाले. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक एर्न्स्ट कासिरर पहिल्यांदा ते पाहायला आले तेव्हा घाबरलेच. हे ग्रंथालय धोक्याचे आहे, ते म्हणाले. एक तर येथून दूर राहावे, नाही तर कित्येक वर्षे येथेच कोंडून घ्यावे!

ह्याच कासिरर ह्यांच्या हाताखाली गेरट्रूड बिंग ह्यांनी १९२१ साली डॉक्टरेट मिळवली आणि १९२२ मध्ये त्या ग्रंथालयात रुजू झाल्या. ज्या विदुषींचा मी आरंभी उल्लेख केला त्या ह्याच. त्या कलेच्या इतिहासाच्या विद्यार्थिनी नव्हत्या. कलेचे सारे शिक्षण त्यांनी नोकरीतच घेतले. आलेले प्रत्येक पुस्तक चाळायचे, त्यात काय आहे ते समजून घ्यायचे आणि मग ते कोणाच्या शेजारी बसवायचे ते ठरवायचे. पुस्तक वाचल्यावाचून त्याची जागा ठरत नाही, आणि शेजारची दहा पुस्तके ठाऊक असल्यावाचून वाचलेलेही उपयोगी पडत नाही. अशा रीतीने वर्षानुवर्षे केलेले काम हीच त्यांची शाळा झाली.

झाक्स्ल ह्यांनी मालकाचा आजारही ग्रंथपालाच्याच वृत्तीने हाताळला. इस्पितळात असताना १९२३ साली वारबुर्ग ह्यांनी, आपले डोके शाबूत आहे हे डॉक्टरांना पटवण्यासाठी, अमेरिकेतल्या पुएब्लो इंडियनांच्या सर्पविधीवर व्याख्यान दिले. त्याच्या तयारीला झाक्स्ल त्यांच्या मदतीला होते. पुढच्या वर्षी वारबुर्ग घरी परतले.

१९२६ मध्ये त्यांच्या घराशेजारी ग्रंथालयाची नवी इमारत उभी राहिली. आतल्या दारावर ग्रीक अक्षरांत एकच शब्द कोरला होता : म्नेमोसिनी, म्हणजे स्मृतिदेवता. त्या काळात तिघांनी मिळून एक रोजनिशी ठेवली होती. वारबुर्ग, झाक्स्ल आणि बिंग, तिघेही एकाच वहीत लिहीत. कोण पाहुणा आला, कोणते पुस्तक घेतले, कोणाचे कोठे चुकले. एकाने लिहायचे, दुसऱ्याने खाली उत्तर द्यायचे. मालक आणि नोकर ह्यांची अशी एक वही आपण कोठे पाहिली आहे का? कामातून शिकणे म्हणतात ते हे. चूक लिहून ठेवली म्हणजे ती दुसऱ्याच्याही उपयोगी पडते.

१९२८-२९ च्या इटलीच्या प्रवासात बिंग वारबुर्ग ह्यांच्याबरोबर होत्या. काळ्या कापडाने मढवलेल्या मोठमोठ्या फलकांवर छायाचित्रे टाचून, प्राचीन काळचा एखादा हावभाव शतकानुशतके कसा फिरत राहिला हे दाखवायचे, असा वारबुर्ग ह्यांचा शेवटचा उद्योग चालला होता. ६३ फलकांपर्यंत तो आला. ऑक्टोबर १९२९ मध्ये ते वारले आणि काम अपुरे राहिले. बिंग ह्यांनी त्यांचे छापील लेख जमवून, त्यांत वारबुर्ग ह्यांच्या टिपणांची भर घालून, १९३२ साली दोन खंडांत प्रसिद्ध केले.

आणि मग १९३३ साल उजाडले. हिटलर सत्तेवर आला. एप्रिलमध्ये ज्यू प्राध्यापकांना सरकारी नोकऱ्यांतून काढण्याचा कायदा झाला. १० मे रोजी बर्लिनमध्ये आणि इतर विद्यापीठांच्या गावी चौकांत पुस्तकांच्या होळ्या पेटल्या. ज्यू घराण्याने जमवलेले, ज्यू विद्वानांनी चालवलेले हे ग्रंथालय किती दिवस टिकणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

झाक्स्ल, बिंग आणि त्यांचे सहकारी एडगर विंट ह्यांनी बाहेर आसरा शोधायला सुरुवात केली. लायडनला जागा होती पण पैसा नव्हता. शेवटी लंडनहून होकार आला. सॅम्युअल कोर्टोल्ड ह्यांच्यासारख्या दात्यांनी आणि वारबुर्ग कुटुंबाने खर्चाची हमी घेतली. कागदोपत्री असे ठरले, की हे ग्रंथालय लंडनला तीन वर्षांसाठी उसने दिले आहे. वर्तमानपत्रांत गाजावाजा न करता ते हलवायचे होते. डिसेंबर १९३३ मध्ये ‘हर्मिया’ आणि ‘जेसिका’ ह्या दोन छोट्या आगबोटींवर ५३१ खोकी चढली. सुमारे ६०,००० पुस्तके, हजारो छायाचित्रे, लोखंडी मांडण्या, वाचनाची मेजे, बांधणीची आणि छायाचित्रणाची यंत्रे असा सगळा संसार होता. पहिल्या महायुद्धावरची पुस्तके तेवढी मागे सोडावी लागली. एल्ब नदीतून समुद्रात आणि समुद्रातून टेम्स नदीत, असा तो प्रवास झाला. माणसांचे काफिले देशोधडीला लागलेले इतिहासाने पुष्कळ पाहिले आहेत. एक ग्रंथालय आपल्या ग्रंथपालांसकट निर्वासित झाल्याचे उदाहरण विरळा.

लंडनला पोहोचल्यावर सगळे सुखाचे झाले असे मात्र समजू नका. टेम्सच्या काठी एका कचेरीच्या इमारतीत तळमजल्यावर जागा मिळाली. भाषा परकी. इंग्रजांना ही मांडणी नवीच. नोकरी तीन वर्षांची, पुढचे कोणी सांगावे? हँबुर्गला ज्यांच्याकडे लोक शिकायला येत, ते लोक आता चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा शिकाऊ झाले. इंग्रजीत लिहायला शिकले, इंग्रज वाचकाला काय लागते ते शिकले. त्याच सुमारास छायाचित्रांचा संग्रहही नव्याने लावायला घेतला. चित्रकाराच्या नावाऐवजी चित्रात काय आहे त्याप्रमाणे, म्हणजे कोणती देवता, कोणती कथा, कोणता विधी अशा क्रमाने. आज ह्या संग्रहात सुमारे ४ लाख छायाचित्रे आहेत. शिवाय आपल्यासारख्याच देश सुटलेल्या विद्वानांना हात देण्याचे कामही ह्या ग्रंथपालांच्या अंगावर पडले.

१९३७ मध्ये साउथ केन्झिंग्टनला बिऱ्हाड हलले आणि दोन वर्षांत दुसरे महायुद्ध आले. लंडनवर बाँब पडू लागले. हँबुर्गहून बरोबर आलेले ग्रंथपाल हान्स मायर १९४१ साली हवाई हल्ल्यात मारले गेले. ज्या संकटातून पुस्तके वाचवून आणली, त्याच संकटाने परक्या गावी गाठले. बिंग ह्यांनी युद्धकाळात रुग्णवाहिका चालवली.

पण ह्याच काळात ह्या मंडळींनी केलेली एक गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. लंडनच्या राष्ट्रीय चित्रशाळेतली चित्रे सुरक्षिततेसाठी वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत नेऊन ठेवली होती. लोकांना पाहायला चित्रे उरली नव्हती. तेव्हा झाक्स्ल ह्यांनी छायाचित्रांची प्रदर्शने मांडली. १९४० साली भारतीय कलेवरचे प्रदर्शन झाले. त्यात स्टेला क्रामरिश ह्यांचा हात होता. ह्या बाईही व्हिएन्नातच शिकलेल्या, आणि कलकत्ता विद्यापीठात त्यांनी वर्षानुवर्षे भारतीय कला शिकवली होती. १९४१ साली इंग्लंडची कला आणि भूमध्य समुद्राकाठची संस्कृती ह्यांचे नाते दाखवणारे प्रदर्शन झाले, आणि ते गावोगाव फिरले. मूळ वस्तू हाती नसली तरी चांगले छायाचित्र आणि त्याखालची नेमकी ओळ एवढ्यावर लोकशिक्षण होऊ शकते, हे त्यांनी ऐन बाँबच्या वर्षावात सिद्ध केले.

२८ नोव्हेंबर १९४४ रोजी करार होऊन ग्रंथालय लंडन विद्यापीठाच्या स्वाधीन झाले, आणि ते स्वतंत्र व अखंड राखण्याची जबाबदारी विद्यापीठाने घेतली. झाक्स्ल १९४८ मध्ये वारले. १९५५ ते १९५९ ह्या काळात बिंग संस्थेच्या प्रमुख होत्या. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५८ साली, ग्रंथालय वोबर्न चौकातल्या आजच्या इमारतीत गेले. तेथे चार मजल्यांवर चार विभाग आहेत : प्रतिमा, शब्द, दिशा आणि कृती. चित्रे व शिल्पे पहिल्यावर. भाषा, साहित्य दुसऱ्यावर. धर्म, ज्योतिष, शास्त्र, तत्त्वज्ञान तिसऱ्यावर. इतिहास आणि समाजाचे व्यवहार चौथ्यावर. वाचक स्वतः फळीपाशी जातो, आणि हाताला लागलेल्या पुस्तकाचा शेजारीही पाहतो. पुढे त्या १९४४ च्या कराराच्या अर्थावरून तंटा होऊन प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा २०१४ च्या निकालाने ग्रंथालयाचे वेगळेपण राखण्याची विद्यापीठाची जबाबदारी कायम ठरवली. इमारतीची मोठी दुरुस्ती होऊन २०२४ मध्ये ती पुन्हा खुली झाली.

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहू. गेरट्रूड बिंग १९६४ मध्ये वारल्या. वारबुर्ग ह्यांचे चरित्र त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला लिहिता आले नसते. ते त्यांच्या हातून पुरे झाले नाही. स्वतःच्या नावावर त्यांनी फार थोडे लिहिले. दुसऱ्यांचे लेख तपासणे, कोणाला संदर्भ शोधून देणे, एखाद्या निर्वासिताची सोय लावणे, ह्यांतच दिवस गेले. संस्था वारबुर्ग ह्यांच्या नावाने चालते आणि तसे असणे योग्यही आहे. पण ज्यांची नावे इमारतीवर नाहीत, त्यांनी तीन वेळा बिऱ्हाड उचलूनही पुस्तकांचा शेजार मोडू दिला नाही, म्हणून ते नाव आज अर्थपूर्ण राहिले आहे. ५३१ खोकी तर कोणताही हमाल वाहून नेईल. खोकी उघडल्यावर कोणते पुस्तक कोणाच्या शेजारी, हे ज्यांच्या डोक्यात होते ती माणसे बरोबर आली, म्हणून ग्रंथालय वाचले. एरवी ६०,००० पुस्तकांचा तो एक ढीगच झाला असता.

शिक्षक मित्रहो, तुमच्या शाळेत एकच कपाट असेल, दोनशे पुस्तके असतील. पण अजिंठ्याच्या चित्रांच्या पुस्तकाजवळ जातककथांचे पुस्तक ठेवायला पैसे पडत नाहीत. एखादा मुलगा चित्रे पाहता पाहता शेजारचे पुस्तक उघडील आणि त्या भिंतीवरचा हत्ती कोण, हे त्याला आपोआप उमगेल. जुन्या दिनदर्शिकेतले एखादे चांगले चित्र कापून ठेवाल, तेव्हा त्याच्या पाठीवर हे कोठले, कोणत्या काळचे, कशाचे, एवढ्या तीन गोष्टी लिहा. आणि तुमची बदली होईल तेव्हा, कोणते पुस्तक कोणाच्या शेजारी आणि का ठेवले आहे ते एका वहीत लिहून मागच्यांच्या हाती द्या. किल्ल्यांबरोबर तेवढी वही दिलीत, म्हणजे तुमच्यानंतरही कपाट बोलके राहील.